ओट्यामागची काच आणि स्विचबोर्ड: मापापासून जोडणीपर्यंत

ओट्यामागच्या भिंतीला टाइल्सऐवजी काच लावण्याची पद्धत आता कोल्हापुरातील नव्या फ्लॅटमध्येही दिसते आणि पेठांतल्या दुरुस्त केलेल्या जुन्या घरांतही, आणि तिचे कारण उघड आहे. कांदा-लसूण मसाल्याची फोडणी, तांबड्या रश्श्यावरचा कट आणि रविवारी मटण परतताना उडणारे तेल टाइल्सच्या सांध्यांत एकदा मुरले, की ते ब्रशने घासूनही निघत नाही. काचेच्या सलग पृष्ठभागावरून मात्र ते ओल्या फडक्याने पुसले जाते. अडचण एवढीच आहे, की ज्या भिंतीला काच लावायची त्याच भिंतीवर मिक्सर, फ्रीज, पाण्याचा फिल्टर आणि ओव्हन यांचे बोर्डही असतात. बोर्ड नसलेल्या भिंतीवर काच चिकटवणे हे चार तासांचे सरळ काम आहे. बोर्डांमुळे त्यात वायरमन, काचवाला आणि सुतार अशा तिघांची मापे एकमेकांत अडकतात, आणि एकाचे माप चुकले की भुर्दंड घरमालकाला बसतो. या लेखात प्रामुख्याने त्या मापांचा आणि बोर्डाभोवतीच्या जोडणीचा विचार केला आहे.

काच कोणती घ्यावी

ओट्यामागे टफन काच घ्यावी आणि तिची जाडी ६ मिमी, म्हणजे कारागिरांच्या हिशेबाने साधारण दोन सूत, धरावी. कापून, कडा घासून आणि भोके पाडून तयार झालेली काच भट्टीत ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि लगेच दोन्ही बाजूंनी हवेचे झोत सोडून निववतात. त्यामुळे काचेचे बाहेरचे थर दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो, आणि तिची ताकद या समतोलातूनच येते. हा समतोल एका जागी जरी मोडला तरी अख्ख्या काचेचा बारीक चुरा होतो. टफन झालेल्या काचेला नंतर एकही भोक पाडता येत नाही, तिची कड घासता येत नाही आणि बोर्डासाठी कापून ठेवलेली मोकळी जागा, म्हणजे कटआउट, एक मिमीनेही वाढवता येत नाही, ते याच कारणाने. “नंतर बघू, साइटवर ॲडजस्ट करू” हे वाक्य प्लाय किंवा टाइलच्या कामात चालून जाते. येथे ते ऐकू आले तर काम तिथेच थांबवावे.

दुकानात रंगीत तयार मिळणारी लॅकर्ड काच बहुधा टफन केलेली नसते. कपाटाच्या दारांना ती शोभते, परंतु गॅसमागे तिचा उपयोग नाही. साध्या काचेच्या दोन भागांतील तापमानात ४० अंशांच्या आसपास फरक पडला तरी तिला तडा जाऊ शकतो, आणि पेटत्या शेगडीमागच्या तापलेल्या काचेवर कोणी गार ओले फडके फिरवले तर एवढा फरक सहज पडतो. टफन काच सुमारे २०० अंशांचा फरक सोसते. म्हणून दुकानदाराला “आधी टफन, मग मागून रंग” असे स्पष्ट सांगावे आणि बिलावरही तसे लिहून घ्यावे. सुरक्षा काचेच्या आयएस २५५३ या भारतीय मानकाचा शिक्का काचेच्या एका कोपऱ्यावर असतो. तो खालच्या कोपऱ्यात, डब्या-बरण्यांच्या मागे जाईल अशा जागी हवा, हेही ऑर्डर देतानाच सांगितलेले बरे.

रंग पांढरा किंवा फिकट निवडला असेल, तर साधी काच त्यावर हिरवट झाक टाकते, आणि ती टाळायची असल्यास कमी लोहाची, बाजारात ‘एक्स्ट्रा क्लिअर’ म्हणून मिळणारी काच मागवावी लागते. गडद रंगाखाली ही झाक दिसत नाही, तेव्हा तेथे जादा पैसे घालण्याचे कारण नाही.

६ मिमी काचेचे वजन दर चौरस मीटरला १५ किलो असते. आठ फूट लांब आणि दोन फूट उंच तुकडा त्या हिशेबाने सुमारे २२ किलोंचा होतो. दोन माणसांना हे वजन जड नाही. पण जुन्या पेठांतील अरुंद जिन्यावरून आठ फुटी काच वळवता येईल का, हे आधी टेप लावून पाहावे.

भिंत आणि ऋतू

कोल्हापूरच्या पावसात पश्चिमेकडची आणि दक्षिणेकडची भिंत जुलै-ऑगस्टमध्ये ओल धरते. अशा भिंतीवर काच चिकटवली तर ओलाव्याला बाहेर पडायला वाट राहत नाही, मागचा रंग सुटू लागतो, आणि काचेमागे धरलेली बुरशी पुढून स्पष्ट दिसत असूनही पुसता येत नाही. शक्यतो दिवाळीनंतर आणि वळवाच्या आधी हे काम काढावे. शंका असल्यास दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून भिंतीवर चिकटवावा आणि एक-दोन दिवसांनी काढून पाहावा. आतल्या बाजूला दव दिसले तर आधी गळतीचा बंदोबस्त करावा.

ओट्यामागच्या जुन्या, म्हणजे डॅडो टाइल्सवरच काच बसवायची असेल तर प्रत्येक टाइल बोटाने ठोकून पाहावी आणि पोकळ वाजणारी टाइल काढून तिथे गिलावा भरून घ्यावा, कारण काचेचे वजन शेवटी त्या टाइलच्या पकडीवर येते. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या रंगावर सिलिकॉन टिकत नाही. ते रंगाला घट्ट धरते आणि रंगच भिंत सोडतो. असा रंग गिलाव्यापर्यंत खरवडून प्राइमर मारावा. नंतर सहा फुटी ॲल्युमिनियमचा पाटा आडवा, उभा आणि तिरका लावून पाहावा. पाट्याखाली एका सुतापेक्षा, म्हणजे ३ मिमीपेक्षा जास्त फट कुठेही नसावी. बोर्डांच्या सभोवतालच्या वीतभर जागेत तर एवढीही सूट देऊ नये, कारण कटआउटच्या बाजूची काच आधीच सर्वांत कमजोर असते आणि तिथल्या उंचवट्यावर ती वाकवली गेली की ताण नेमका कोपऱ्यात साठतो.

आधी बोर्ड ठरवावेत

काचेचा विचार करण्याआधी परवानाधारक वायरमनला बोलावून बोर्डांची जागा आणि संख्या निश्चित करून घ्यावी. घराच्या वायरिंगमध्ये २३० व्होल्टचा पुरवठा असतो, आणि काच बसल्यावर भिंत फोडून वायर बदलणे जवळपास अशक्य होते. म्हणून भिंत उघडी आहे तोवर जुन्या वायरी पाहून घ्याव्यात. १६ अँपिअरच्या सॉकेटला किमान २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर आहे का, प्रत्येक सॉकेटपर्यंत अर्थिंगची हिरवी वायर खरोखर पोहोचते का, आणि भिंतीतला डबा लोखंडी असेल तर तो अर्थला जोडला आहे का, ही तपासणी याच टप्प्यावर करावी. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर तो बसवण्याचा खर्च याच कामात धरावा. ओले हात आणि विजेची उपकरणे एकत्र येणाऱ्या खोलीत तो नसणे योग्य नाही.

माझे स्पष्ट मत असे आहे, की काचेत जितकी कमी भोके तितके उत्तम. ओट्यावर चार ठिकाणी दोन-दोन सॉकेट देण्यापेक्षा दोन ठिकाणी मोठे बोर्ड दिल्यास काच स्वस्त पडते, मजबूत राहते आणि दिसायलाही नेटकी वाटते. फ्रीज आणि फिल्टर यांचे सॉकेट कायम जोडलेलेच असतात, त्यामुळे ते काचेच्या पट्ट्यातून काढून शेजारच्या भिंतीवर किंवा ट्रॉलीच्या आत हलवता येतात. शेगडीच्या वर किंवा थेट मागे सॉकेट नसावे, आणि सिंक व शेगडी या दोन्हींपासून आडवे किमान एक फूट अंतर ठेवावे. ओट्यापासून प्लेटच्या खालच्या कडेपर्यंत सहा इंच तरी उंची हवी, म्हणजे ओटा धुतानाचे पाणी तिथवर उडत नाही आणि काचेलाही कटआउटच्या खाली पुरेशी रुंदी मिळते.

उघड्या पट्टीचे जुने वायरिंग आणि भिंतीवर स्क्रूने बसवलेले उंच बोर्ड असतील, तर ते आधी भिंतीत घेतल्याशिवाय काचेचे काम हाती घेऊ नये. दगड-मातीच्या जुन्या भिंतीत डब्यासाठी खाच मारताना आजूबाजूची माती ढासळते. तिथे डबा सिमेंटमध्ये पक्का बसवून चार-पाच दिवस सुकू द्यावा आणि मगच पुढचे माप घ्यावे. सगळे डबे लेव्हल लावून एका रेषेत बसवणे आवश्यक आहे. टाइल्समध्ये दोन मिमीचा तिरकेपणा सांध्यांत लपून जातो, पण काचेच्या सलग पृष्ठभागावर तिरकी प्लेट दारातूनच नजरेत भरते.

सांधा कोठे द्यावा, हाही प्रश्न बोर्ड ठरवतानाच सोडवायचा असतो. शेगडीमागे येणारा तुकडा स्वतंत्र ठेवावा आणि त्यात एकही कटआउट घेऊ नये. उष्णता आणि भोक ही दोन्ही कारणे एकाच तुकड्यात एकत्र येऊ देऊ नयेत. बोर्ड शेजारच्या तुकड्यात यावेत, आणि कटआउटपासून काचेच्या कोणत्याही कडेपर्यंत तसेच दोन कटआउटच्या मध्ये किमान दोन इंच काच शिल्लक राहावी. काही कारागीर सांधा बोर्डाच्या बरोबर मधून घेऊन दोन्ही तुकड्यांना खाचा पाडण्याचा सल्ला देतात, कारण काच सरकवणे त्यामुळे सोपे जाते. सोय खरी असली तरी सांध्यातून झिरपणारा ओलावा थेट विजेच्या डब्याकडे जातो, म्हणून तो सल्ला मी स्वीकारणार नाही.

कटआउटचे माप

मॉड्युलर बोर्डाचे चार भाग असतात: भिंतीत गाडलेला डबा, त्यावर स्क्रूने बसणारी फ्रेम, फ्रेममध्ये अडकणारे स्विच-सॉकेट आणि सर्वांवर दाबून बसणारी प्लेट. कटआउट डब्यापेक्षा किंचित मोठे आणि फ्रेमपेक्षा लहान असावे लागते, म्हणजे स्क्रू काचेला न शिवता डब्यात जातात आणि फ्रेम काचेच्या पुढे राहते. एकाच मॉड्यूलसंख्येच्या प्लेटची मापे कंपनीगणिक बदलतात. त्यामुळे फ्रेम आणि प्लेट विकत आणून हातात असल्याशिवाय कटआउटचे माप काढू नये.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. समजा डब्याचे तोंड बाहेरून १३० बाय ७५ मिमी, फ्रेम १४४ बाय ८४ मिमी आणि प्लेट १५० बाय ९० मिमी आहे. चारही बाजूंना २ मिमी मोकळीक धरली तर कटआउट १३४ बाय ७९ मिमीचे होते. प्लेट मग डावी-उजवीकडे प्रत्येकी ८ मिमी आणि वर-खाली प्रत्येकी साडेपाच मिमी काच झाकते. कारखाने कटआउटच्या मापात आणि जागेत एक-दोन मिमीचा फरक मान्य धरतात, तो वजा केला तरी वर-खाली साडेतीन मिमी झाकण उरते आणि काचेची कड दिसत नाही. मोकळीक २ ऐवजी ५ मिमी घेतली असती, तर वरच्या बाजूला अडीच मिमीच उरले असते, आणि कारखान्याची चूक त्याच दिशेला झाली तर जेमतेम अर्धा मिमी झाकण राहिले असते. म्हणून “थोडे मोठेच ठेवा, बसायला सोपे जाईल” हा सल्लाही डोळे झाकून मान्य करू नये.

कोपरे कधीही काटकोनात मागू नयेत. काटकोनी आतल्या कोपऱ्यातून तडा सुरू होतो आणि काच अनेकदा भट्टीतच फुटते. कोपऱ्याची गोलाई किमान काचेच्या जाडीइतकी, म्हणजे ६ मिमी हवी. त्यासाठी चार कोपऱ्यांत आधी ड्रिलने भोके पाडून मग मधला भाग काढतात. ६ मिमी गोलाईमुळे कोपऱ्यात तिरके मोजल्यास अडीच मिमीच्या आसपास जादा काच शिल्लक राहते, आणि २ मिमी मोकळिकीचे तिरके अंतर पावणेतीन मिमीच्या पुढे भरते, म्हणजे डब्याच्या कोपऱ्याला काच लागत नाही. गोलाई ८ मिमी घेतली तर काच डब्याच्या टोकावर अर्धा मिमी येते. तिथे स्क्रू नसल्यामुळे एवढे चालते.

फ्रेमचे स्क्रू आवळताना सर्व दाब काचेवर येणे, हे बोर्डाभोवती काच फुटण्याचे नेहमीचे कारण आहे. त्यावर साधा उपाय असा, की डब्याचा कान, म्हणजे स्क्रू ज्यात बसतो ती पट्टी, आणि फ्रेम यांच्यामध्ये नायलॉनचे बुश, म्हणजे स्क्रूभोवती बसणारे पोकळ नळकांडे, घालावे, म्हणजे स्क्रूचा दाब बुशमधून डब्यावर जातो आणि फ्रेम काचेला नुसती टेकून राहते. बुशची लांबी अशी काढावी. भिंतीवर पट्टी आडवी धरून डब्याचा कान किती आत आहे ते मोजावे. समजा तो ४ मिमी आत आहे. त्यात सिलिकॉनचे ३ मिमी आणि काचेचे ६ मिमी मिळवले की बुश १३ मिमीचे होते. स्क्रूची लांबी या १३ मिमीत फ्रेमची जाडी सुमारे ३ मिमी आणि आट्यांतली पकड किमान ६ मिमी मिळवून २२ मिमी येते, म्हणून पुढच्या मापाचा २५ मिमी स्क्रू घ्यावा. चाळीस-पन्नास मिमीचा स्क्रू हाताशी आहे म्हणून वापरू नये. त्याचे टोक डब्यात मागे वायरीत घुसते. जुना स्क्रू नमुना म्हणून लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअर दुकानात नेल्यास त्याच आट्यांचा लांब स्क्रू मिळतो. डब्यांची खोली वेगवेगळी भरली आणि तयार बुश जुळले नाहीत, तर शिवाजी उद्यमनगरात लेथवर हव्या त्या मापाचे बुश कापून घेणे हे किरकोळ काम आहे.

साचा

काचवाल्याला कागदावर आकडे लिहून देण्याऐवजी प्रत्यक्ष साचा करून द्यावा. त्यासाठी ३ किंवा ४ मिमीचा प्लाय अथवा हार्डबोर्ड वापरावा. पुठ्ठा वाकतो आणि दमट हवेत मापही बदलतो. भिंतीची लांबी वर, मध्ये आणि खाली, तसेच उंची दोन्ही टोकांना आणि मध्यभागी मोजावी, आणि त्यांतील सर्वांत लहान मापातून प्रत्येक बाजूला एक सूत सोडावे. कोपऱ्यात गुण्या लावल्याशिवाय भिंत काटकोनात आहे असे धरू नये, कारण पेठेतल्या जुन्या घरांत तसे क्वचितच असते.

ओट्यावर एक सूत जाडीचे तुकडे ठेवून त्यांवर साचा उभा करावा, कारण काचही पुढे तशीच उभी राहणार असते. वीज बंद करून, फ्रेम काढून आणि वायरींची टोके झाकून डब्याच्या कडेला ओल्या खडूची भुकटी लावावी आणि साचा भिंतीवर दाबावा. मागच्या बाजूला डब्याचा ठसा स्वच्छ उमटतो. या ठशाभोवती मोकळीक मिळवून कटआउट आखावे, कापावे आणि साचा पुन्हा भिंतीला लावून खरी फ्रेम आणि खरी प्लेट बसवून पाहावी. एखादी प्लेट कमी पडत असेल तर ते येथेच समजते आणि शंभर-दोनशे रुपयांच्या प्लायवर निभावते.

साच्यावर ‘दर्शनी बाजू’, ‘वर’ आणि कोणत्या भिंतीचा तुकडा आहे हे मार्करने ठळक लिहावे. रंग काचेच्या मागच्या बाजूला असल्यामुळे साचा उलटा धरून केलेली काच फिरवून वापरता येत नाही. साच्याबरोबर आकड्यांचा कागदही द्यावा, पण त्यातील सर्व मापे मिमीमध्ये असावीत आणि एकाच कोपऱ्यापासून व ओट्याच्या पृष्ठभागापासून घेतलेली असावीत. एका बोर्डापासून दुसऱ्या बोर्डापर्यंत अशी मापे दिली तर प्रत्येक मापातली अर्ध्या मिमीची चूक पुढे साठत जाते. कागदाच्या दोन प्रती करून दोन्हींवर दुकानदाराची सही घ्यावी. पुढे वाद झालाच तर तोंडी बोलण्याला अर्थ उरत नाही.

काच आल्यावर टेम्पोतून उतरवतानाच तिच्यावर साचा ठेवून कटआउट जुळवावेत आणि कडांवरून हातमोजा घालून बोट फिरवावे. टफन काचेच्या कडेला लहानसा टवका उडालेला असला तरी ती काच परत पाठवावी. घरात ती फरशीवर थेट उभी करू नये. लाकडी पट्ट्यांवर, लांब कडेवर, भिंतीला किंचित टेकवून ठेवावी.

बसवण्याचा दिवस

या दिवशी आणि पुढचे किमान चोवीस तास ओट्यावरचे सर्व बोर्ड बंद राहणार आहेत, हे गृहीत धरून फ्रीजसाठी दुसऱ्या खोलीतून सोय करावी. एमसीबी बंद केल्यावर इन्व्हर्टर विसरू नये. महावितरणचा पुरवठा तोडला तरी इन्व्हर्टरवर घेतलेला एखादा सॉकेट जिवंतच राहतो, आणि स्वयंपाकघरातील एक सॉकेट इन्व्हर्टरवर असणे अगदी सामान्य आहे. वायरमनने टेस्टर किंवा मीटर आधी चालू सॉकेटवर लावून तो काम करतो याची खात्री करावी, मग बंद केलेल्या प्रत्येक बोर्डावर तपासावे आणि शेवटी पुन्हा चालू सॉकेटवर पाहावे. त्यानंतर जोडणीचा फोटो काढून स्विच-सॉकेट सोडवावेत, प्रत्येक वायरीच्या टोकाला कनेक्टर किंवा इन्सुलेशन टेप लावावी आणि वायरींची जुडी डब्यात दुमडून ठेवावी.

भिंत सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करावी. सिलिकॉन ‘न्यूट्रल’ प्रकारचेच घ्यावे. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन मागचा रंग खराब करते आणि डब्याच्या लोखंडालाही गंजवते. काचेच्या मागे सिलिकॉनच्या उभ्या रेघा आठ-नऊ इंचांवर ओढाव्यात. आडव्या रेघांमध्ये हवा कोंडते, त्यांच्या आतले सिलिकॉन सुकायला फार वेळ घेते, आणि वरून कधी पाणी उतरलेच तर ते रेघेवर अडून राहते. ८ मिमी जाडीच्या रेघेने ३०० मिलिची एक नळी साधारण सहा मीटर पुरते, म्हणजे आठ बाय दोन फुटांच्या तुकड्याला एका नळीहून थोडे जास्त सिलिकॉन लागते. कटआउटच्या कडेपासून दोन बोटे अंतर सोडूनच रेघ थांबवावी. कटआउटभोवती गोल कडे काढण्याचा मोह होतो. पण काच दाबल्यावर ते सिलिकॉन डब्यात घुसते, आणि पुढे फ्रेम काढायची वेळ आली की वायरी त्यात चिकटलेल्या सापडतात. काचेला पहिल्या काही तासांत आधार मिळावा म्हणून मधूनमधून दुहेरी फोम टेपचे तुकडे लावावेत.

काच दोघांनी सक्शन कप लावून उचलावी, खालची कड ओट्यावरच्या तुकड्यांवर टेकवावी, आणि काच तिरपी असतानाच तिसऱ्या माणसाने प्रत्येक कटआउटमधून वायरी पुढे ओढून घ्याव्यात. मग काच सावकाश भिंतीकडे न्यावी आणि पूर्ण दाबण्याआधी प्रत्येक डब्याभोवती चारही बाजूंना सारखी फट दिसते का ते टॉर्चने पाहावे. डावी-उजवीकडे सरकवायला या क्षणापुरतीच मुभा असते. दाब तळहाताने, मधून कडांकडे द्यावा. कटआउटजवळ मूठ किंवा रबरी हातोडा लावू नये. वरच्या कपाटापासून ओट्यापर्यंत लाकडी पट्ट्यांचा आधार देऊन काच रात्रभर तशीच राहू द्यावी.

सिलिकॉन चोवीस तासांत दोन-तीन मिमीच आतपर्यंत सुकते, म्हणून दुसऱ्या दिवसाआधी बोर्डांना हात लावू नये. दुसऱ्या दिवशी वायरमनने बुश घालून फ्रेम बसवावी आणि स्क्रू हाताच्या पेचकसाने आवळावेत. बॅटरीवरचे मशीन तिथे अजिबात वापरू नये. फ्रेम आणि काच यांच्यामध्ये पातळ रबराची किंवा फोमची पट्टी दिल्यास उडालेले पाणी आत शिरत नाही. वीज सुरू केल्यावर प्रत्येक सॉकेटचा फेज, न्यूट्रल आणि अर्थ तपासून घ्यावा आणि आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून तो पडतो की नाही ते पाहावे. ओटा आणि काच यांमधील एका सुताची फट बुरशीरोधक सिलिकॉनने भरावी. तिथे पांढरे सिमेंट भरल्यास ते कडक होऊन काचेच्या कडेवर दाब देते.

माप जुळले नाही तर

कटआउट डब्याशी दोन-तीन मिमीने जुळत नसेल, तर काच उतरवून ठेवावी आणि डबा हलवावा. भिंतीतला डबा छिन्नीने मोकळा करून काचेला जुळेल असा पुन्हा बसवणे हे गवंड्याचे अर्ध्या दिवसाचे काम आहे, तर काच नवी करायची म्हणजे पुन्हा ऑर्डर, पुन्हा भट्टी आणि पुन्हा पूर्ण पैसे. कटआउट मोठे झाले असेल तर आधी रुंद किनारीची दुसरी प्लेट मिळते का पाहावे. तशी मिळाली नाही तर प्लेटच्या मागे बसणारी पातळ चौकट ॲक्रिलिकमधून कापून घ्यावी; बोर्ड शेगडीपासून दूर असल्यामुळे तिथे ॲक्रिलिक चालते. स्टीलची चौकट जास्त शोभते हे खरे, पण हाताला लागणारा धातूचा आणखी एक भाग सॉकेटभोवती आणायचा म्हणजे तो अर्थला जोडणे भाग आहे, आणि ती जोडणी बहुतेक वेळा राहून जाते.

काच पुसताना फवारा थेट बोर्डावर मारू नये. द्रावण फडक्यावर घेऊन पुसावे. पुढे सॉकेट बदलायचे झाल्यास प्लेट उचकटताना पेचकस काचेवर टेकवून तरफ करू नये. प्लेटच्या कडेला दिलेल्या खाचेत पातळ प्लॅस्टिकची पट्टी घालून ती सोडवावी, आणि फ्रेम परत बसवताना बुश जागेवर असल्याची खात्री करूनच स्क्रू आवळावेत. नवा वायरमन आला तर बुश आहेत हे त्याला आधी सांगावे, कारण फ्रेम काढताना ते डब्यात पडतात आणि त्यांच्याशिवायही फ्रेम बसल्यासारखी दिसते.